‘कॅप्टन ब्लड’ (१९३५): बघायच्या आधी आणि बघून झाल्यावर लोक मला हमखास विचारतात ते प्रश्न

आमच्याकडे शनिवारी रात्री जुना पिक्चर लावायची पद्धत आहे, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मी ज्याला त्याला हाच पिक्चर बघायला लावलाय. बायको, भाचा, ऑफिसमधली मंडळी, एकदा तर गॅस शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा पंधरा मिनिटं उभा राहून बघत होता. सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

हा नक्की कोणता पिक्चर? नाव ऐकून हॉरर वाटतंय.

हॉरर नाही हो. ब्लड हे आडनाव आहे, पीटर ब्लड. माणूस आयरिश, पेशाने डॉक्टर. वॉर्नर ब्रदर्सने डिसेंबर १९३५ ला रिलीज केलेला ब्लॅक अँड व्हाईट पिक्चर आहे, डायरेक्टर मायकेल कर्टिझ, जो पुढे ‘कॅसाब्लांका’ करणार होता. हिरो एरल फ्लिन, हिरॉइन ओलिव्हिया डी हॅव्हिलंड, व्हिलन दोन, एक लायनेल ॲटविल आणि दुसरा बेझिल रॅथबोन. गोष्ट राफाएल साबातिनीच्या १९२२ च्या कादंबरीवरून घेतलीय. समुद्री चाच्यांचा पिक्चर.

चाचे म्हणजे?

हा प्रश्न भाच्याचा. शाळा इंग्लिश मीडियम, मित्र सगळे हिंदी बोलणारे, त्यामुळे ‘समुद्री चाचा’ म्हणजे समुद्रावर राहणारा कोणीतरी काका असं त्याला वाटलं. चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू रे बाबा. पण गंमत अशी की पिक्चरचा अगदी शेवटचा डायलॉग बघितलात तर भाच्याचं फार काही चुकलं नव्हतं. तो डायलॉग खाली सांगतो, वॉर्निंग देऊन.

गोष्ट थोडक्यात सांगा ना, शेवट न फोडता.

साल १६८५. इंग्लंडमध्ये राजाविरुद्ध बंड झालंय. ब्लड त्यात नाही, त्याला त्यात रसच नाही, तरुणपणी लढाया भरपूर करून झाल्यात आणि आता गावात डॉक्टरकी करत शांत बसलाय. रात्री त्याला उठवून एका जखमी बंडखोराकडे नेतात, तो इलाज करत असतानाच सैनिक येतात आणि पेशंटबरोबर डॉक्टरलाही धरतात. कोर्टात तो सांगतो की मी माझं काम करत होतो, जज म्हणतो राजद्रोह्याला मदत म्हणजे राजद्रोहच. फाशीच व्हायची, पण वसाहतींना मजूर पाहिजे असतात म्हणून ह्या सगळ्यांना जहाजात कोंबून जमैकाला पाठवतात आणि तिथे पोर्ट रॉयलच्या बंदरावर गुरांच्या बाजारासारखा लिलाव. दात बघतात, दंड चाचपतात. ब्लड तोंड उघडायला नकार देतो आणि कर्नल बिशप नावाचा मळेवाला खवळतो, तेवढ्यात त्याची पुतणी ॲराबेला निव्वळ ह्या माणसाची अकड आवडली म्हणून बोली लावते. १० पौंड. आपल्या हिरोची किंमत १० पौंड.

मग मळ्यावरची गुलामी, मग गव्हर्नरच्या पायाचं दुखणं, मग पळून जायचा प्लॅन, आणि मग चाचेगिरी. बाकीचं बघा.

पिक्चर स्लो आहे का? तलवारबाजी किती वेळाने सुरू होते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तोही ह्याचाच. समुद्रातली मारामारी यायला जवळजवळ अर्धा पिक्चर जातो, कबूल. पण माझं म्हणणं असं आहे की खरा पिक्चर तो पहिला अर्धाच आहे. एका माणसाने आपलं काम केलं, म्हणजे रक्त वाहतंय ते थांबवलं, एवढ्यावरून त्याचं घर, नाव, माणूसपण सगळं काढून घेतलं, आणि हे तुम्ही तासभर डोळ्यांनी बघितलेलं असतं म्हणून नंतर तो जहाजाच्या डेकवर उभा राहतो तेव्हा अंगावर काटा येतो. नुसती तलवारबाजी यूट्यूबवर काढून बघणाऱ्यांनी बघावी, मी अडवत नाही, पण ते म्हणजे पुरणपोळीतलं पुरण तेवढं चमच्याने खाल्ल्यासारखं आहे.

हे बंड वगैरे खरंच झालं होतं की कादंबरीवाल्याच्या मनातलं?

खरंच झालं होतं, आणि खरी हकिगत पिक्चरपेक्षा वाईट आहे. राजा दुसरा चार्ल्स फेब्रुवारी १६८५ मध्ये वारला. त्याला लग्नाच्या राणीपासून मूल नव्हतं, म्हणून गादी गेली भाऊ जेम्सकडे, जो कॅथलिक होता. चार्ल्सचा अनौरस मुलगा ड्यूक ऑफ मॉनमथ हा प्रोटेस्टंट, तो जूनमध्ये लाइम रीजिसला मूठभर लोक घेऊन उतरला आणि म्हणाला गादी माझी. त्याच्यामागे गेले ते कोण, तर शेतकरी, विणकर, सुतार, अनेकांच्या हातात लांब दांड्याला बांधलेली गवत कापायची पाती. ६ जुलैला सेजमूरला राजाच्या फौजेने त्यांचा पार चुराडा केला. मॉनमथचं मुंडकं १५ जुलैला उडवलं, आणि ते सुद्धा एका घावात नाही.

मग आला जज जेफ्रीज. गावोगाव कोर्ट भरवून त्याने जो निकालांचा सपाटा लावला त्याला इंग्लंडात अजून ‘रक्तरंजित कोर्ट’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. साधारण ३०० लोकांना मृत्यू, ८०० हून जास्त लोकांना वेस्ट इंडीजच्या बेटांवर १० वर्षांच्या सक्तमजुरीला रवाना. त्यातली ॲलिस लाइल नावाची बाई सत्तरीच्या आसपासची होती, गुन्हा काय तर पळून आलेल्यांना घरात रात्रभर आसरा दिला, तिचं डोकं विंचेस्टरला उडवलं. त्यामुळे जखमीवर उपचार केला म्हणून डॉक्टरला शिक्षा हे काही ‘सिनेमात चालतं सगळं’ टाइप नाहीये.

म्हणजे कॅप्टन ब्लड खरा माणूस होता?

त्या नावाचा चाचा नव्हता. पण हेन्री पिटमन नावाचा सर्जन खरा होता. मॉनमथच्या सैन्यात जखमींवर उपचार करत होता, पकडला गेला, बार्बाडोस बेटावर मजुरीला पाठवला, तिथे डॉक्टरकी करायला लावून पैसे मालकाच्या खिशात, आणि १६८७ मध्ये तो काही सोबत्यांना घेऊन छोट्याशा बोटीतून पळाला. कर्जात बुडालेल्या एका कारागिराला पुढे करून बोट विकत घेतली होती, तो कारागीरही कादंबरीत आणि पिक्चरमध्ये नटॉल म्हणून आलाय. घरी परतून पिटमनने १६८९ ला स्वतःची हकिगत छापली. आता फरक बघा, पिटमन पळाला, एका निर्जन बेटावर अडकला, कासवं खाऊन जगला, चाचे त्याला भेटले, पण तो स्वतः काही चाचा झाला नाही. तिथून पुढे साबातिनीने हेन्री मॉर्गनचा धागा जोडला, म्हणजे आधी लुटारू आणि नंतर सरकारी पाहुणचार, जमैकाचा उपगव्हर्नर. डॉक्टर पिटमन अधिक दर्यावर्दी मॉर्गन बरोबर कॅप्टन ब्लड.

आणि हो, १६७१ मध्ये लंडन टॉवरमधून राजमुकुट पळवायचा प्रयत्न करणारा एक आयरिश कर्नल थॉमस ब्लड होता, तो वेगळा. लोक सारखे गोंधळ करतात.

साबातिनी म्हणजे इटालियन ना? मग इंग्रजांच्या गोष्टी कशाला लिहितो?

वडील इटालियन, आई इंग्लिश, दोघंही ऑपेरातले गायक. जन्म १८७५, इटलीतलं येझी गाव. बालपण चार देशांत फिरण्यात गेलं, भाषा पाच-सहा यायच्या, आणि लिहायला निवडली इंग्रजी. १९२१ ला ‘स्कारामुश’ने नाव झालं आणि पुढच्याच वर्षी ‘कॅप्टन ब्लड’. ब्लडच्या गोष्टी आधी मासिकात सुट्या सुट्या आल्या होत्या, नंतर त्यांची कादंबरी शिवली, आणि वाचताना ती शिवण जाणवते, प्रत्येक दोन-तीन प्रकरणांत एक नवी मोहीम. आपल्याकडे मासिकातल्या क्रमशः कथा वाचत मोठे झालेल्यांना ह्याची सवय असेल.

कादंबरी आधी वाचू की पिक्चर आधी बघू?

पिक्चर आधी. कादंबरीत बरंच जास्त आहे आणि उलट्या क्रमाने गेलात तर पिक्चरभर ‘हे गाळलं, ते गाळलं’ करत बसाल, माझ्या बायकोने केलं तसं. मोठे फरक सांगतो. कादंबरीत गुलामगिरीचा भाग बार्बाडोसवर घडतो, पिक्चरवाल्यांनी सगळं जमैकात आणून एकाच बंदरात बसवलं, जे मला शहाणपणाचं वाटतं. कादंबरीत ब्लडला विकत घेतो तो कर्नल बिशप, पिक्चरमध्ये ॲराबेला. ह्या एका बदलाने सगळी लव्हस्टोरी फिरली, कारण आता त्या दोघांमध्ये एक व्यवहार आहे, ‘तू मला विकत घेतलंस’ हे ब्लड विसरत नाही आणि पुढे पारडं उलटं झाल्यावर त्याची परतफेडही करतो. पटकथा लिहिणाऱ्या केसी रॉबिन्सनला शंभर मार्क. फ्रेंच चाचा लेव्हासर (पिक्चरमध्ये बेझिल रॅथबोन) ह्याच्याबरोबरचं द्वंद्व कादंबरीत दुसऱ्याच मुलीवरून होतं, टॉर्ट्युगा ह्या चाच्यांच्या बेटाच्या गव्हर्नरच्या मुलीवरून. पिक्चरमध्ये ती मुलगीच नाही, तिच्या जागी ॲराबेला.

कादंबरीची सुरुवात मात्र चुकवू नका. गावातले लोक शस्त्रं घेऊन लढाईला धावतायत आणि हा माणूस खिडकीत पाईप ओढत कुंड्यांतल्या जिरेनियमना पाणी घालतोय. एका चित्रात माणूस कळतो. कॉपीराइटची भानगड आता राहिलेली नाही, लेखक १९५० मध्ये वारला, आपल्याकडे ६० वर्षांचा नियम, त्यामुळे इंग्रजी मजकूर नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतो.

डॉक्टरला एकदम जहाज कसं चालवता येतं?

येतं कारण तो आधी डच आरमारात होता, नामांकित दर्यासारंग डी राउटरच्या हाताखाली, आणि नंतर स्पेनच्या कैदेतही राहून आलाय. कादंबरीत हे नीट सांगितलंय, पिक्चरमध्ये बोलता बोलता येऊन जातं. शिवाय होकायंत्र-नकाशे बघायला त्याच्याबरोबरच पकडला गेलेला जेरेमी पिट सोबत असतो.

गव्हर्नरला नक्की काय झालेलं असतं?

गाऊट. आपल्याकडे ‘युरिक ॲसिड वाढलंय’ म्हणतात तेच. पायाचा अंगठा सुजलेला, गव्हर्नर स्टीड खुर्चीत पाय वर करून ओरडतोय आणि गावातले दोन डॉक्टर त्याला आणखी छळतायत. ब्लड त्याला बरं करतो पण पूर्ण बरं करत नाही, कारण पाय दुखतोय तोवर आपल्याला मळ्याबाहेर फिरायला मिळतंय हे त्याला पक्कं कळलंय. माझा फेव्हरेट भाग. पळायच्या रात्री तर गव्हर्नर त्याला सोडतच नाही. डॉक्टर लोकांनी हा भाग पेशंट नसताना बघावा.

पोरांना दाखवू का?

दहा-बाराच्या पुढच्यांना बिनधास्त. रक्त जवळपास दिसतच नाही. पण चाबकाचे फटके आहेत, पळू पाहणाऱ्याला तापलेल्या लोखंडाने डागतात तो सीन आहे, आणि जेरेमीला भर उन्हात बांधून पाण्याशिवाय ठेवतात ते माझ्या भाच्याला जास्त लागलं. तो उठून पाणी पिऊन आला. मग आपणहून म्हणाला, त्याला पण द्या ना.

जमैकात गुलाम गोरेच होते का सगळे?

नाही, आणि ह्या पिक्चरचं खरं दुखणं इथे आहे. १६८५ पर्यंत बार्बाडोस आणि जमैकाची साखर पिकवत होते ते मुख्यतः आफ्रिकेतून पकडून आणलेले लोक, पिढ्यानपिढ्यांसाठी गुलाम, त्यांना १० वर्षांनी सुटका वगैरे काही नव्हती. पिक्चरमध्ये ते जवळपास पार्श्वभूमीलाच आहेत, आणि पळून जायच्या प्लॅनमध्ये तर नाहीतच. साबातिनीनेही ह्यावर फार विचार केलेला दिसत नाही. गोऱ्या माणसाला लिलावात उभं केल्यावर प्रेक्षक हळहळतो आणि शेजारच्या काळ्या माणसाकडे कॅमेरा वळतच नाही, हे एकदा लक्षात आलं की परत बघताना डोळ्यांत खुपत राहतं. मला पिक्चर तरीही आवडतो. पण भाच्याला हे सांगितलं, आणि तुम्हीही घरातल्या पोरांना सांगा.

ते कॉन्ट्रॅक्ट वाचतात तो सीन खरा आहे? चाचे लोक करार करायचे?

करायचे की! आणि ह्याला पुरावा आहे. एक्सकेमेलिन नावाचा माणूस मॉर्गनच्या टोळीबरोबर सर्जन म्हणून फिरला आणि १६७८ ला डच भाषेत पुस्तक लिहून मोकळा झाला. त्यात रेटकार्डच आहे. उजवा हात गेला तर चांदीची ६०० नाणी, डावा हात ५००, उजवा पाय ५००, डावा पाय ४००, डोळा गेला तर १००, बोट गेलं तरी १००. म्हणजे डोळा आणि बोट एका भावात! लूट वाटायच्या आधी ही भरपाई बाजूला काढायची, मग कॅप्टनचा हिस्सा, मग बाकीच्यांचा. त्या काळात राजाच्या आरमारातल्या साध्या खलाश्याला एवढी हमी कोण देत होतं? पिक्चरमध्ये ब्लड असाच करार वाचतो आणि सगळे सही-अंगठे करतात. मी ऑफिसातल्या एकाला हे सांगितलं तर तो म्हणाला आमच्या मेडिक्लेमपेक्षा क्लिअर आहे.

समुद्रकिनाऱ्यावरची तलवारबाजी कुठे शूट केलीय? जमैकात?

छे, कॅलिफोर्नियात लगूना बीचजवळ. जमैकाही स्टुडिओतच. समुद्रातल्या लढाईत बरीचशी जहाजं मॉडेल आहेत आणि काही शॉट तर जुन्या मूकपटांतून उचललेत, नीट बघितलंत तर फिल्मचा पोत मध्येच बदलतो.

पण ते द्वंद्व! खडकांवर सुरू होतं, दोघंही सरकत सरकत पाण्याकडे येतात, वाळू ओली असल्यामुळे पाय घसरतायत ते खरे घसरतायत असं वाटतं. फेन्सिंग मास्टर फ्रेड कॅव्हन्स म्हणून होता त्याने बसवलंय. रॅथबोनला तलवार खरोखर उत्तम यायची, फ्लिनपेक्षा कितीतरी चांगली, आणि आयुष्यभर पडद्यावर हरायचं काम त्याच्याकडे. ह्या पिक्चरमध्ये हरला, १९३८ च्या ‘रॉबिन हूड’मध्ये पुन्हा फ्लिनकडून हरला. इथे शेवटी तो उताणा पडलाय आणि लाट येऊन त्याच्या चेहऱ्यावरून जाते, परत येते, परत जाते, कॅमेरा हलत नाही. त्या एका शॉटसाठी मी रिमोट कोणाच्या हातात देत नाही.

एरल फ्लिन तेव्हा मोठा स्टार होता का?

कोणी ओळखत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा पोरगा, २६ वर्षांचा. रोल ठरला होता रॉबर्ट डोनॅटला, त्याचं फिसकटलं. फ्लिनने वॉर्नरकडे तोवर केलेल्या कामात एका पिक्चरमध्ये तर मुडद्याचा रोल होता, डायरेक्टर हाच कर्टिझ. सुरुवातीला फ्लिन एवढा अवघडलेला होता की शूटिंग संपत आलं तेव्हा तो सुधारलेला बघून आधीचे काही सीन परत घेतले. ओलिव्हिया १९ वर्षांची. ही जोडी पुढे मिळून आठ पिक्चरमध्ये आली. तो ५० व्या वर्षी १९५९ ला गेला, ती १०४ वर्षं जगून २०२० च्या जुलैमध्ये पॅरिसला गेली. मधल्या काळात तिने वॉर्नरला कोर्टात खेचून, करार सात वर्षांपुढे ताणता येत नाही हे मान्य करून घेतलं, म्हणजे गुलामगिरीच्या करारातून खरी सुटली ती हिरॉइन!

म्युझिक भारी आहे, कोणाचं?

एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड. व्हिएन्नात लहानपणापासून बालप्रतिभा म्हणून गाजलेला. ह्या पिक्चरला तीन आठवडे मिळाले. वेळ पुरेना म्हणून द्वंद्वासाठी फ्रान्झ लिस्ट ह्या जुन्या संगीतकाराच्या एका रचनेचा भाग घेतला, आणि उसनं घेतलंय म्हणून टायटलमध्ये स्वतःचं नाव ‘संगीत संयोजन’ एवढंच लावायला लावलं. असा प्रामाणिकपणा आपल्या संगीतकारांपैकी कोणाकोणाला शिकवायचा ती यादी तुम्हीच करा.

ऑस्कर मिळालं?

बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशन होतं, मिळालं ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ला, म्हणजे जहाजवाल्यालाच पण दुसऱ्या. त्या वर्षी मतपत्रिकेवर नसलेलं नाव हाताने लिहायची सोय होती आणि कर्टिझला तशी बरीच मतं पडली.

मुंबईशी काही संबंध?

आहे, आणि सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वर म्हणालो ना, चार्ल्सच्या राणीला मूल नव्हतं म्हणून हा सगळा घोळ झाला, ती राणी म्हणजे पोर्तुगालची कॅथरीन. म्हणजे हुंड्यात मुंबई घेऊन आली तीच! १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिली. भाडं किती, तर वर्षाला १० पौंड. लिलावात ब्लडची किंमत तेवढीच. वीस वर्षांच्या आतबाहेरची गोष्ट आहे, अख्खी मुंबई वर्षभरासाठी घ्या नाहीतर एक आयरिश डॉक्टर घ्या.

आणि ‘चाचा’ कोणाला म्हणायचं हा प्रश्न कोकणातल्या माणसाने तर विचारलाच पाहिजे, कारण इंग्रज आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणायचे. उलट एव्हरी नावाच्या खऱ्या इंग्लिश चाच्याने १६९५ मध्ये औरंगजेबाचं गंज-इ-सवाई जहाज लुटलं तेव्हा त्याचे हाल सुरतेतल्या कंपनीच्या लोकांना भोगावे लागले.

शेवटाबद्दल बोला ना. (बघितला नसेल तर हा प्रश्न सोडून पुढे जा.)

इंग्लंडमध्ये जेम्स पळालाय, विल्यम राजा झालाय, म्हणजे ज्याने शिक्षा दिली तो राजाच गेला. इतिहासातही हे १६८८ च्या अखेरीला झालं. पोर्ट रॉयलवर फ्रेंच जहाजं तुटून पडलेली, कर्नल बिशप तेव्हा गव्हर्नर आहे पण बंदर वाऱ्यावर सोडून ब्लडला शोधत फिरतोय. ब्लडची टोळी बंदर वाचवते. बिशप धापा टाकत परत येतो, नव्या गव्हर्नरसमोर उभा राहतो, खुर्ची वळते आणि त्यात ब्लड बसलेला. शेजारी ॲराबेला. आणि तो हसत म्हणतो, गुड मॉर्निंग, काका! बघा, चाचा आणि काका एकाच फ्रेममध्ये. भाचा उड्या मारत होता, ‘मी म्हणालो होतो ना!’

ते पोर्ट रॉयल मात्र फार टिकलं नाही. ७ जून १६९२ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग समुद्रात गेला.

सिक्वेल आहे का?

फ्लिनचा नाही. १९६२ ला ‘सन ऑफ कॅप्टन ब्लड’ म्हणून आला त्यात फ्लिनचा खरा मुलगा शॉन होता. पिक्चर सोसोच. शॉन पुढे युद्धाचे फोटो काढायला गेला आणि १९७० मध्ये कंबोडियात बेपत्ता झाला, तो सापडलाच नाही.

किती मोठा आहे? एका बैठकीत होतो का?

११९ मिनिटं. लावायच्या आधी वेळ तपासा, कारण १९५१ ला परत रिलीज करताना कापून ९९ मिनिटांचा केला होता, ती कॉपी हाताला लागली तर बंद करा आणि दुसरी शोधा. इंटरव्हल घ्यायचाच असेल तर स्पॅनिश जहाज ताब्यात घेऊन ही मंडळी बंदराबाहेर पडतात आणि शिडं वर चढतात तिथे घ्या. चहा आधीच टाकून ठेवा, कारण त्यानंतर कोणी उठत नाही.